हत्तीखान्यातली पंचफुला

पंचफुला पहिल्यांदा माझ्या घरी आली तेव्हा तिने चहा घेतला, कपबशी बाजूला सारली, साखरेच्या डब्यातला चमचा उचलला आणि बोलता बोलता त्याच्या दांड्याने माझी भिंत खरवडायला लागली. दिवाळीची पुताई होऊन आठवडा झाला नव्हता. मी स्वतः पाटावर उभी राहून कुंचला मारला होता आणि चुन्याने बोटांना भेगा पडल्या होत्या. मला वाटलं, या बाईचं डोकं फिरलं आहे. मी चमचा ओढून घेतला.

"काय करून राहिली वं तू?"

"थांबा ना बाई. पांढऱ्याखाली पिवळा निघाला. पिवळ्याखाली काय आहे ते पाहू तं द्या."

"पिवळ्याखाली माती आहे. माझा नवरा गिरणीतून आला अन् त्यानं हे पाहिलं तं कुंचला तुझ्याच हातात देईल."

"देऊ द्या," ती म्हणाली. "पण आधी पाहू द्या."

अशी आमची ओळख झाली. पुढे बरीच वर्षं आम्ही शेजारी राहिलो. तिच्याबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगते. सगळं माहीत नाही, आणि जे माहीत आहे त्यातलंही काही एकमेकांशी जुळत नाही.

आधी घराबद्दल सांगायला हवं. ते महाल नावाच्या जुन्या वस्तीत होतं, एका बोळाच्या तोंडाशी. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा माझ्या वडिलांना पत्ता सांगितला होता 'हत्तीखाना'. ते मला भेटायला आले तर सायकलरिक्षावाल्याला हत्तीखाना माहीत नाही. त्याने त्यांना महालभर फिरवलं. शेवटी एक पानवाला म्हणाला, "अरे, जुना दवाखाना बोलो ना." ते दारात पोचले तर समोरची म्हातारी आतल्यांना ओरडून सांगते, "चौकीतल्या नव्या सुनेचे वडील आले वं!" वडील घाबरले. त्यांना वाटलं, पोरगी पोलिसचौकीत दिली की काय.

घर एक आणि नावं तीन, आणि ज्याने त्याने आपल्या वयाप्रमाणे धरलेली. खाली काळा दगड, त्यावर विटा, विटांवर लाकडी माडी आणि माडीवर टिनाचं छप्पर. जो आला त्याने आपल्याला हवं ते वर चढवलं, खालचं कोणी काढलं नाही. पुढचं दार एवढं उंच की त्याच्या कोयंड्याला हात पुरायचा नाही, म्हणून त्या दारात एक छोटं दार पाडलं होतं. आत मोठी दालनं होती, मालकाने मध्ये भिंती घालून त्यांच्या खोल्या केल्या आणि भाड्याने दिल्या. माझ्या खोलीच्या भिंतीत मनगटाएवढं जाड लोखंडी कडं होतं. सासरे म्हणत, याला भोसल्यांचे हत्ती बांधत. शेजारचे बापूजी म्हणत, छे, चौकीतले कैदी बांधत. माडीवरच्या गुलाबबाई म्हणत, काही नाही, आमच्या झोपाळ्याचं आहे. मी त्याला कपडे वाळवायची दोरी बांधली.

पंचफुला मागच्या अंधाऱ्या खोलीत राहायला आली. ती खोली कोणी घेत नसे, तिथे ओल यायची. ती कळमेश्वरची. नवरा, मुलगा, सासू, शेती, सगळं असलेली बाई. तिशी ओलांडलेली, उंच, काटक, नाकीडोळी बरी. असली बाई एकटी येऊन ओलीची खोली घेते म्हटल्यावर बायका कुजबुजायच्याच. मी कुजबुजत नाही, सरळ विचारते. ती दारात बसून मिरच्यांची देठं तोडत होती. इतवारीच्या एका व्यापाऱ्याकडून ती पोती आणायची, तेच तिचं पोट.

"काहून आली वं नवऱ्याला सोडून?"

"सोडलं कोठी? मूळ शोधायले आली."

मग तिने सांगितलं. तिला वाढवणारी आई मरायला टेकली तेव्हा सगळे खाटेभोवती जमले होते, पंचफुलाची सासूही आली होती. म्हातारीला तापात काय वाटलं कोण जाणे, ती सगळ्यांसमोर बोलून गेली, "पंचफुले, तू माया पोटची नाही. तुले मी महालातून आणली. हत्तीच्या दाराच्या घरातून. आत हिरवी भिंत होती. एका बाईनं पदराखालून काढून दिली." कोण बाई, ते तिने सांगितलं नाही. कोणत्या साली, तर म्हणाली, आपली कपिली गाय व्याली त्या पावसाळ्यात. आणि दुसऱ्या दिवशी मेली.

सासूने तेरवी होऊ दिली. मग पंचफुलाचं ताट-गडवा वेगळं काढलं. म्हणाली, "कोणाची हायेस, मले काय मालूम? मूळ घेऊन ये. एक नाव आण. मंग माठाले हात लाव." तोवर तेरा-चौदा वर्षं ती सून त्याच माठाचं पाणी भरत होती, त्याचं काही नाही. नवरा किसनाजी गप्प. मुलगा दहा-अकरा वर्षांचा, त्याला सासूने ठेवून घेतलं.

"अन् तू निघाली?" मी म्हटलं.

"निघाली."

"असल्या घरी परत कशाले जायचं मूळ घेऊन?"

तिने हातातली मिरची खाली ठेवली. "माया पोट्टा तिथं हाये ना, बाई."

मीही चार मिरच्यांची देठं तोडली. हाताची दिवसभर आग झाली.

त्या मिरच्यांमुळे ती कधी डोळ्याला हात लावायची नाही. लोक म्हणत, पंचफुला दगड आहे, रडत नाही. रडेल कशी? पुसायची सोय नव्हती.

तर ती हिरवी भिंत शोधत होती. हिरवी भिंत सापडली की खोली सापडेल, खोली सापडली की ती खोली कोणाची होती ते विचारता येईल, आणि मग ती बाई कळेल, असा तिचा हिशेब. ऐकायला सरळ होता. ती घरोघर जायची, चहा घ्यायची आणि भिंतीशी बसायची. कोणी रागावलं तर म्हणायची, "खरवडल्याशिवाय गंजाचं बूड दिसत नाही, बाई." आपल्याकडे दूध करपलं की गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, बूड खरवडतातच, त्यामुळे बायकांना ते पटायचं आणि त्या खरवडू द्यायच्या. पुरुषांना पटायचं नाही. माझा नवरा म्हणाला, "मालक भाडं घेते अन् ही बाई भिंत नेते. घरात राहिलं काय?"

पण गंजाला बूड एक असतं. भिंतीचं तसं नव्हतं. महालात दिवाळीला ज्याच्या हाती जे लागेल ते चुन्यात मिसळायचं ही रीत. कोणाची नीळ उरली तर नीळ, कोणाची पिवडी उरली तर पिवडी, अंगण सारवून गेरू उरला तर गेरू. नीळ आणि पिवडी एका बादलीत गेली की झाला हिरवा. समोरच्या खोलीत पांढऱ्याखाली हिरवा निघाला, तिच्या डोळ्यांत चमक आली. मग त्या घरची सून म्हणाली, "तो तं मी लावला होता, मागच्याच्या मागच्या साली." पंचफुलाने चमचा धुतला आणि पुढच्या खोलीत गेली. तिथे पांढऱ्याखाली लाल, लालखाली पांढरा, पांढऱ्याखाली निळा. "थांबा वं," ती म्हणायची, "अजून एक थर आहे." हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की मुलं तिला थरवाली म्हणायला लागली.

शेवटी तिला हवा तो हिरवा माझ्याच खोलीत सापडला. भांड्यांची फळी मोडली म्हणून आम्ही ती काढली होती. फळीमागे पुताई कधी झाली नव्हती, तिथे पोपडा सुटला होता. खाली हिरवा. हा बादलीतला हिरवा नव्हता. जाड, तेलाचा, चकचकीत. पंचफुला दारातूनच ओरडली, "बाई, हात नका लावू!"

मी तिला भिंत एका अटीवर दिली. खरवड, पण पुताई तू करायची. दोन दिवस ती बसली होती. खांद्याएवढ्या उंचीपर्यंत हिरवा रंग निघाला, त्यावर काळी पट्टी आणि पट्टीच्या वर पांढरा.

मग तिने मला त्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. मिरच्यांचं एक गाठोडं माझ्या पदराखाली दिलं. स्वतः समोर उभी राहिली, तिला वाढवणारी आई उभी असेल तशी.

"द्या आता," ती म्हणाली.

मी पदराखालून गाठोडं काढून तिच्या हातात ठेवलं.

तिने गाठोडं परत माझ्या हातात दिलं. "नाही वं," म्हणाली. "असं नसन. तुम्ही लवकर दिलं."

मला राग आला. मला पोळ्या करायच्या होत्या. पण पुन्हा दिलं, सावकाश दिलं. तेही तिला पटलं नाही.

भिंत सापडली म्हटल्यावर ती कोणाची हे विचारायचं राहिलं होतं. खरा गोंधळ तिथून सुरू झाला, कारण सांगणारे तिघे होते आणि तिघेही पक्के.

पहिले बापूजी. इथे दवाखाना होता तेव्हा ते कंपाउंडर होते, पुढे दवाखाना हलला पण ते खोली धरून राहिले. डोक्याला काळी टोपी, बोलायला लागले की बोट वर. ते म्हणाले, "हा सरकारी रंग आहे. ही बाळंतिणींची खोली. अनेक बाया इथं मोकळ्या झाल्या. एखादीनं दिलं असेल लेकरू, त्यात काय? चांगल्या घरच्याही बाया येत."

दुसऱ्या गुलाबबाई. माडीवर एकट्या राहायच्या. तरुणपणी त्या आणि त्यांची आई तिथे गाण्याच्या बैठकी करत. आता दात गेले होते, पण पान कुटून खायच्या आणि कपाळावर केसांची एक बट मुद्दाम ओढलेली असायची. त्या म्हणाल्या, "कंपाउंडरले काय मालूम? आमच्या माडीवर हाच हिरवा होता. खालची खोली आमचीच होती, तबला-सारंगीवाले साजिंदे बसायचे. आमच्यात पोरगी झाली की ठेवत, हे खरं. पण सगळ्याच ठेवत होत्या असं नाही. एखादी म्हणायची, हिले नाही नाचवायचं. अन् द्यायची कोणाले तरी."

तिसरे करीमचाचा, बोळाच्या तोंडाशी त्यांचं अत्तराचं दुकान. ते म्हणाले, "दोघं बी गलत. ही अन् मागची, दोन्ही खोल्यांत माझी नानी राहायची. दाई होती. साऱ्या महालातल्या बाया तिच्याकडं यायच्या, हिंदू बी, मुसलमान बी. ज्यांले छुपवायचं असन त्या तं रातीच यायच्या. पदराखालून बच्चा देणारी नानीच. हिरवा रंग आमच्याच घरचा, बेटा."

मी तिघांनाही विचारलं, कोणत्या साली? बापूजी म्हणाले, माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या साली. गुलाबबाई म्हणाल्या, अम्माचा आवाज बसला त्या साली. करीमचाचा म्हणाले, नानी हजला जायची राहिली त्याच्या आदल्या साली. आणि पंचफुलाची कपिली गाय. आता ही चार सालं एका रेषेत कशी लावायची? बापूजी म्हणत दवाखाना आधी, गाणं नंतर. गुलाबबाई म्हणत गाणं आधी. करीमचाचा म्हणत, अरे, सगळं एकाच वक्ताला होतं, पुढं दवा, वर गाणं, मागं नानी. मी चौथीपर्यंत शिकले, पण मला वाटतं बी. ए. झालेल्यालाही हे सुटलं नसतं.

पंचफुला तिघांचं ऐकायची आणि प्रत्येकाला तेवढीच मान हलवायची. मग ती तिघांची कामंही करायला लागली. बापूजींची सून बाळंत झाली तेव्हा हिने शेक-शेगडी केली. गुलाबबाईंच्या डोक्याला तेल लावायची. करीमचाचांच्या घरी ईदच्या शेवया वळायला बसायची. मी म्हटलं, "एक काहीतरी धर ना." ती म्हणाली, "तिघातलं एक खरं हाये. कोणतं ते मालूम होयेपर्यंत तिघांचंही करावं लागन."

गोष्ट किसनाजीपर्यंत पोचली. संक्रांतीच्या सुमारास तो एसटीने आला, फडक्यात तुरीच्या शेंगा घेऊन. साधा माणूस. धोतर, डोक्याला पांढरं पागोटं, आणि मोठ्याने बोलायचं माहीतच नाही. हिरवी भिंत माझ्या खोलीत, म्हणून सगळे माझ्या खोलीत जमले. मी शेंगा उकडायला ठेवल्या.

किसनाजी भिंतीकडे पाहून म्हणाला, "हेच का?"

"हेच," पंचफुला म्हणाली.

"मंग? कोणाची?"

तिघेही एकदम बोलायला लागले. बापूजींचं बोट वर, गुलाबबाईंचा पानाचा खलबत्ता वाजतो आहे, करीमचाचा म्हणताहेत, "सुनो तो, सुनो तो." किसनाजी एकदा याच्या तोंडाकडे पाही, एकदा त्याच्या. शेवटी त्याने हात जोडले.

"बाप्पा, मी शेतकरी माणूस. मले हे समजत नाही. आईले एकच नाव पायजे. एक सांगा अन् मी हिले आजच्या गाडीनं घेऊन जातो. पोट्टा रोज विचारून राहिला."

काय पणाला लागलं आहे ते सगळ्यांना कळलं. गुलाबबाई आधी बोलल्या. त्यांनी खलबत्ता बाजूला ठेवला. "दवाखान्याचं घे, पोरी. माझं नाव घेशील तं सासू दारात उभी नाही करणार. माझं काय जाते? मी काही म्हटलंच नाही."

करीमचाचा म्हणाले, "हां. दवाखानाच ठीक. नानीचं नाव बी नको घेऊ."

बापूजी फुगले. "मी स्वतः येतो कळमेश्वरले. सांगतो तुझ्या आईले, किसनाजी. सरकारी दवाखाना, चांगल्या घरची बाई, बाळंतपणात गेली. बस. मी कंपाउंडर होतो, माझ्या शब्दाले वजन आहे."

किसनाजीचा चेहरा उजळला. मीही मनात म्हटलं, सुटली एकदाची. माझी भिंतही सुटली.

पंचफुला बापूजींकडे वळली. "बापूजी, एक सांगा. तुमच्या दवाखान्यात भिंत हिरवी होती का? तुम्ही डोयानं पाहिली?"

बापूजी टोपी सारखी करायला लागले. "आता इतकं... मी लागलो तेव्हा तं पांढरी होती. पण माझ्याआधी हिरवी असूच शकते. अन् मी सांगतो ना हिरवी म्हणून."

"पाहिली नाही."

"अवं, पण सांगायले काय जाते?"

पंचफुलाने उकळत्या शेंगांवर झाकण ठेवलं. मग नवऱ्याला म्हणाली, "आईले सांगा, भेटलं नाही."

"काहून?" किसनाजी जवळजवळ ओरडला. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्याला एकदाच ऐकलं. "देऊन राहिले ना ते!"

"उचलून आणलेलं मूळ घेऊन काय करू? उचलून आणलेली तं मी आहोच."

सगळ्यांनी तिला समजावलं. मी तर शिव्या दिल्या. म्हटलं, "पोट्टा तिथं आहे म्हणत होती ना? मंग कोणता रंग अन् कोणती भिंत घेऊन बसली?" ती म्हणाली, "पोट्टा मोठा होईन, बाई. त्याले कोणी विचारलं, तुया मायचं मूळ काय, तं तो हेच सांगन. अन् ते खोटं राहीन." मी असते तर घेतलं असतं. बापूजींचं नाव, कंपाउंडरची साक्ष, आणि दुपारची गाडी. ती बरोबर होती की मूर्ख, याचा मी खूप विचार केला आहे. एक दिवस एक वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं.

शेंगा शिजल्या होत्या. किसनाजीने पंचफुलाच्या हातचं पाणी घेतलं, तिच्या खोलीत बसून भाकर खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीने एकटा गेला. पुढे तो बाजाराच्या निमित्ताने येत राहिला. दर वेळी तिच्या हातचं जेवायचा. मुलालाही आणायचा. गावी मात्र तिचं ताट वेगळंच. मी एकदा त्याला म्हटलं, "इथं चालते, तिथं चालत नाही, हे कसं?" तो म्हणाला, "तिथं आई हाये." त्याला ते पुरेसं वाटत होतं.

पुढे मालकाने ते घर पाडायला काढलं. आम्ही भाडेकरू पांगलो. मी पलीकडच्या गल्लीत खोली घेतली, पंचफुलाने माझ्याच मागे एक घेतली. पाडायच्या दिवशी आम्ही दोघी पाहायला गेलो. छप्पर निघालं, माडी निघाली आणि खोल्या उघड्या पडल्या. सगळ्या रंगांच्या भिंती उन्हात उभ्या होत्या. कुदळ बसेल तिथे नवाच रंग निघत होता. तो जाड हिरवा माडीवर होता, पुढच्या दालनात होता, मागे दाईच्या खोलीतही होता. कुठे तो सगळ्यात खाली, कुठे मध्ये, आणि एका ठिकाणी तर दोनदा. पंचफुला पदर डोक्यावर घेऊन पाहत राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, पण त्यावरून काही कळेना. थोड्या वेळाने म्हणाली, "चला बाई, मिरच्या वाळत घातल्या हायेत." त्या दिवसानंतर तिने कोणाची भिंत खरवडली नाही. सापडलं म्हणून सोडलं की सापडणार नाही म्हणून, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

मिरचीने तिची छाती गेली. दोन हिवाळे खोकत काढले आणि तिसऱ्यात एका सकाळी संपली. चाळिशीही झाली नव्हती. निरोप गेला, दुपारपर्यंत कळमेश्वरची माणसं आली. किसनाजी, मिसरूड फुटलेला मुलगा, चार भाऊबंद आणि काठी टेकत सासू. सासू अजून होती. तिनेच माठ अडवला होता आणि आता तिलाच कोणीतरी पाण्याचा गडवा देत होतं.

आपल्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं लागतं. सासरचे कितीही घालोत, माहेरचं आल्याशिवाय उचलत नाहीत. पंचफुलाच्या वाढवणाऱ्या आईबापाच्या घरी कोणी उरलं नव्हतं. भाऊबंदांतला एक म्हणाला, "माहेर नाहीच, तं वाट कोणाची पाहाची? आपलंच एक टाका अन् उचला." मी लुगडं आणलं नव्हतं. माझं तिचं नातं शेजारणीचं होतं, माहेरचं नव्हतं.

तिरडीची दोरी बांधून होत होती तेवढ्यात बापूजींची सून आली. बापूजी जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या हातात घडी केलेलं हिरवं लुगडं होतं. म्हणाली, "मामंजी सांगून गेले होते. दवाखान्याकडून द्यायचं." भाऊबंद एकमेकांकडे पाहायला लागले. मुलाने लुगडं घेतलं आणि पांघरलं.

ते नीट होते न होते तो करीमचाचांचा मुलगा दाराशी. आत आला नाही, चप्पल काढून बाहेरच उभा राहिला. कागदात गुंडाळलेलं लाल लुगडं त्याने पुढे केलं. "अब्बांनं पाठवलं. म्हणाले, नानीच्या घरची पोरगी हाये, खाली हाथ नको जाऊ दे." एक भाऊबंद काहीतरी पुटपुटला. किसनाजी उठला, त्याने स्वतः ते लुगडं घेतलं आणि पहिल्यावर घातलं.

मग सायकलरिक्षा थांबली. गुलाबबाईंना दोघांनी धरून उतरवलं. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी आपल्या ट्रंकेतलं आणलं होतं, जुनं, जरीच्या काठाचं, चुण्या पडलेलं, अत्तर आणि डांबरगोळ्यांचा वास मारणारं. "कोठी हाये पोरगी?" म्हणाल्या, आणि हाताने चाचपत त्यांनी ते स्वतःच घातलं.

तीन लुगडी झाली. दोरी पुरेना, सोडून पुन्हा बांधावी लागली. सासू काठीवर दोन्ही हात ठेवून हे सगळं पाहत होती. ती माझ्याजवळ सरकली आणि हळूच विचारलं, "मंग माहेर कोणतं समजावं वं हिचं?"

"तुम्ही एक मागितलं होतं, बाई," मी म्हटलं. "तीन आले. घ्या आता निवडून."

म्हातारीने काही निवडलं नाही. गुलाबबाईंच्या लुगड्याचा जरीचा काठ वाऱ्याने पायाकडे उडत होता. ती वाकली, तो काठ तिने पंचफुलाच्या टाचेखाली नीट खोचला आणि बाजूला झाली.